पेटीवाल्यांची मान

कुरुंदवाडच्या सुतारांच्या कारखान्यात पेटीचे सूर लावायला जो बसतो, तो मान डावीकडे वळवून आणि हनुवटी चिमूटभर खाली घेऊन बसतो. ही रीत चार पिढ्यांची. पेटी न्यायला आलेले भजनी बुवा आणि संगीताचे मास्तर ती तिरपी मान पाहून एकमेकांना कोपराने खुणावत आले आहेत, की बघा, कान देणं म्हणतात ते याला.

खरी गोष्ट कानाची नव्हती, डोळ्यांची होती. या घरातल्या पुरुषांचे डोळे जन्मापासून हलत. दोन्ही बुबुळं एका बाजूला सावकाश सरकत आणि झटक्याने माघारी येत, सेकंदाला चार वेळा, जागेपणी अखंड. पण अशा प्रत्येक नाचऱ्या डोळ्याला विसाव्याची एक दिशा असते. नजर त्या कोनात नेली की नाच मंदावतो, बारीक वस्तू ओळखू येते. सुतारांचा विसावा उजवीकडे आणि थोडा वर होता. साहजिकच मान डावीकडे आणि खाली. आज कारखाना चालवणाऱ्या दिगंबरच्या पणजोबांनी खिडकी, बाक आणि कानशींची फळी त्या कोनाला धरून मांडली होती. मग शिकायला आलेली धडधाकट डोळ्यांची माणसंही कानशीबरोबर ती मान शिकली. अण्णाप्पा चौगुले चाळीस वर्षं या बाकावर होता. त्याची नजर घारीची, झाडावरची मुंगी मोजील अशी. पण हातात सूर आला की त्याचीही मान आपोआप डावीकडे जाई.

"सरळ मानेनं लावलेला सूर सरकारी वाटतो," तो म्हणायचा. "बरोबर असतो, पण जीव नसतो त्यात."

घराची दुसरी रीत सून आणण्याची होती. सून मामाच्याच घरची. परक्या घरची मुलगी नाचरे डोळे बघून हसेल, आपली हसणार नाही, हा त्यामागचा हिशेब. दिगंबरच्या आजोबांनी तेच केलं, वडिलांनी तेच केलं. दिगंबरने केलं नाही. शाळेत 'सरळ बघ' म्हणून मास्तरांनी ज्या गालावर मारलं, त्या गालाला चव्वेचाळिसाव्या वर्षीही ते दिवस आठवत. फळ्यावरचं काहीच न दिसता त्याने सातवीपर्यंत रेटलं होतं. पोरं त्याला 'लंबक' म्हणत. हे आपल्यापाशी संपू दे, असं ठरवून तो लग्नाशिवाय राहिला. धाकट्या बहिणीला, ऋतुजाला, त्याने दूर पुण्यात, नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या घरी दिलं. तिचे डोळे स्थिर होते. साखळी तुटली, असं त्याला वाटलं होतं.

त्या वैशाखात ऋतुजा सव्वादोन वर्षांच्या निनादला कडेवर घेऊन कारखान्यात आली, तेव्हा पोराची मान डावीकडे वळलेली होती.

"पाळणाघरातनं काढलं त्याला, दादा," ती बाकावर बसत म्हणाली. "तिथल्या पडद्यावाल्या पाट्या मुलाच्या नजरेवर चालतात. मूल चित्राकडे बघतं, पाटी त्याचं नाव सांगते. याची नजर ठरत नाही, तर पाटी भराभर पानं उलटते. बाई म्हणाल्या, पाटी याला ओळखतच नाही. पुढे शाळेतही तेच असणार. बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे आता नजरच लागते."

"आमच्या वेळी मास्तर ओळखत नव्हते," दिगंबर म्हणाला. "आता पाटी. बरं हाय."

"थट्टा नको ना करूस."

"थट्टा न्हाई करत. ये रे निनू, मामाकडं ये."

पोर आलं. त्याने भात्यावर तळहात ठेवला, एक पट्टी दाबली, आणि सूर निघताच मामासारखीच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. अण्णाप्पा हसला. "हे बघा, कारागीर जन्माला आला की!" ऋतुजाला मात्र हसू आलं नाही. पुण्याला एक इलाज निघालाय, ती म्हणाली. पण त्याला दादा लागणार होता.

पुण्याच्या संस्थेतल्या डॉक्टर नंदिता बेलसरे घाईत बोलत नसत. त्यांनी दिगंबरला आधी पडद्यावर त्याच्याच डोळ्यांचा आलेख दाखवला. करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती.

"डोळे असे हलण्याला बरीच कारणं असतात," त्या म्हणाल्या. "कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात बिघाड झाला तर हलतात. लहान मेंदू झिजला तर हलतात. काही औषधांनी, फार दारूनेही हलतात. मोठेपणी ज्याला हे होतं, त्याला जग हलताना दिसतं. तुम्हाला कधी दिसलं?"

"न्हाई. जग जागच्या जागी असतं. बारीक तेवढं नीट दिसत नाही."

"कारण तुमचं जन्माचं आहे. नजर धरून ठेवणाऱ्या चेतापेशी गर्भात एकमेकींपर्यंत हात लांबवतात. त्यांना ते शिकवणारा एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. तुमच्यात त्याचं एक अक्षर चुकलंय, त्यामुळे काही हात आखूड राहिले. बाईकडे दोन एक्स असतात, एक चुकला तर दुसरा बहुधा सांभाळून घेतो. पुरुषाकडे एकच. बाप आपला एक्स मुलाला देत नाही, मुलीला मात्र देतोच."

दिगंबरला हे समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे बाबांचं ऋतुजाकडं आलं."

"येणारच होतं. आणि पिढ्यान्‌पिढ्या मामाची मुलगी आणल्यामुळे ते तुमच्या घरातून बाहेर पडलंच नाही."

ऋतुजा खाली बघत होती. आपल्यापाशी संपवायचं म्हणून आपण एकटे राहिलो, आणि ते आपल्यापाशी कधी संपणारच नव्हतं, हे दिगंबरला त्या खुर्चीवर कळलं.

इलाज डॉक्टरांनी सोपा करून सांगितला. दुरुस्त जनुक एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात भरायचा आणि मेंदूच्या देठापाशी एकदाच सोडायचा. पेशी नव्याने हात लांबवतात, डोळे थांबतात. सोडलेलं परत काढता येत नाही. पूर्ण मात्रा दिली तर डोळे तीन आठवड्यांत थांबतात, अर्धी दिली तर वर्षभरात, हळूहळू.

"अडचण डोळ्यांची नाही, मेंदूची आहे. जन्मापासून तुमचा मेंदू डोळ्यांची हालचाल हिशेबातून वजा करतोय, म्हणून जग स्थिर दिसतं. उद्या डोळे थांबले आणि मेंदूने वजाबाकी चालूच ठेवली तर? तर थांबलेल्या डोळ्यांना जग हलताना दिसेल. हे कुठल्याही यंत्रात उमटत नाही. डोळे स्थिर, चित्र स्पष्ट, सगळ्या चाचण्या उत्तम. ते फक्त बघणाराच सांगू शकतो. आणि तीन वर्षांच्या आतलं मूल सांगू शकत नाही."

"म्हणून मी."

"तीच चूक असलेला, त्याच घरातला मोठा माणूस. आम्ही त्याला सांगणारा म्हणतो. बारा आठवडे तुम्ही दर गुरुवारी सांगायचं. मोठ्या मेंदूने सवय सोडली, तर लहान सोडणारच. तो जास्त लवचीक असतो. मग बाळाला पूर्ण मात्रा. तुम्हाला त्रास झाला, तर आम्ही थांबू, वाट बदलू. वय वाढेल तशी सवय पक्की होत जाते, म्हणून तिसऱ्या वाढदिवसाच्या आत झालं तर उत्तम. पण खरं सांगायचं हं, दिगंबरराव. त्यात लाज बाळगायची नाही."

त्यांचं सगळं बोलणं त्याने ऐकलं. त्यातल्या ध्यानात मात्र दोनच गोष्टी राहिल्या, तिसरा वाढदिवस आणि 'थांबू'.

आषाढात सुई टोचली. तेविसाव्या दिवशी सकाळी आरशासमोर दाढी करताना दिगंबरला आपले डोळे दिसले. आयुष्यात पहिल्यांदा ते त्याच्याकडे बघत होते. बुबुळं काळीभोर, जागच्या जागी, कोनाड्यातल्या पणतीसारखी निवांत. वस्तऱ्याची धार, आरशाच्या कडेचं उडालेलं पाऱ्याचं काम, गालावरचा केस न केस त्याला दिसला.

आणि मग आरसा वाहू लागला.

लहानपणी कृष्णेला पाणी चढलं की तो घाटाच्या पायरीवर बसून वाहत्या धारेकडे एकटक बघत राही आणि एकदम दगडी पायरीकडे नजर वळवी. पायरी उलट्या बाजूला वाहू लागे. ती हललेली नसे, तिच्यावरच्या शेवाळाची रेघ न रेघ स्पष्ट असे, तरी ती वाहे. चार पळांत ते थांबायचं. आताही थांबेल म्हणून तो आरसा धरून उभा राहिला. आरसा डावीकडे सरकत होता आणि झटक्याने माघारी येत होता. भिंत तशीच. दार तसंच. सेकंदाला चार वेळा. साबण गालावर वाळला, तरी ते थांबलं नाही.

चार-सहा दिवसांत त्याला यातले आडोसे सापडले. डोळे मिटले की सगळं थांबे. कपाळ भिंतीला किंवा बाकाच्या पायाला घट्ट टेकलं की पोटातली मळमळ कमी होई. आणि मान डावीकडे वळवून हनुवटी खाली घेतली की जगाची धाव मंदावे. त्या कोनात डोळे पूर्वीपासून कमी हलत होते, तेव्हा मेंदूची वजाबाकीही तिथे कमी होती. काम अडत नव्हतं. दुहेरी पेटीत एका स्वराच्या दोन पत्त्या, पितळेच्या पातळ जिभा, एकत्र वाजतात. त्या जुळत नसतील तर सुरात लाट उठते, पत्तीच्या टोकाला कानस लागली की सूर चढतो, बुडाशी लागली की उतरतो, आणि जुळत आले की लाट संथ होत होत विरते. हे सगळं कानाचं आणि बोटाचं काम. तो डोळे मिटून करू लागला.

डोळे थांबल्यावरच्या पहिल्या गुरुवारी सांगलीच्या केंद्रात यंत्राने त्याच्या डोळ्यांची रेघ काढली. ती फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ होती. पडद्यावर डॉक्टर बेलसरे होत्या, त्यांच्या शेजारी ऋतुजा. तिने ती रेघ पाहिली, मग भावाचे डोळे, आणि ती तोंडावर पदर धरल्यासारखा हात धरून रडायला लागली.

"दादा, तू माझ्याकडे बघतोयस," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा कळतंय, तू माझ्याकडे बघतोयस."

तिचा चेहरा पडद्यासकट वाहत होता.

"जग कसं दिसतं, दिगंबरराव?" डॉक्टरांनी विचारलं. "अक्षरं, भिंती, माणसं. काही हलतं का?"

त्या क्षणी त्याच्या मनात फार काही नव्हतं. पाटी भराभर पानं उलटत होती. मास्तरांचा हात होता. आणि डॉक्टरांचंच वाक्य होतं, की लहान मेंदू जास्त लवचीक असतो. माझं लाकूड जुनं, पोराचं ओलं. मला जे वाकवता येत नाही ते त्याच्यात आपसूक वाकेल. मग माझ्या त्रासापायी त्याची वेळ का घालवायची?

"काय न्हाई हलत," तो म्हणाला. "समदं जागच्या जागी हाय."

एकदा बोललं की पुढचे अकरा गुरुवार तेच बोलणं सोपं गेलं.

श्रावणात ऋतुजा दोन दिवस कुरुंदवाडला आली. ती स्वतः शाळेत गणित शिकवत होती, डोळ्यासमोरच्या विसंगतीवर बोट ठेवायची तिला सवय होती. दिगंबर बाकावर बसला होता आणि त्याची मान डावीकडे होती.

"दादा, डोळे थांबलेत ना? मग मान का तिरकी अजून?"

दिगंबरचा हात कानशीवर थांबला. आत्ता बोलता आलं असतं. तिने दार उघडून दिलं होतं, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं.

"अहो ताई," अण्णाप्पा पलीकडून म्हणाला, "माझ्याकडं बघा की! माझे डोळे कवा नाचले? तरी चाळीस वर्षं हीच मान. बायको म्हणती, झोपेतपण तिकडंच वळलेली असती. डोळे बरे करायचं औषध निघालं, पेटीवाल्यांची मान सरळ करायचं औषध अजून कुठल्या डाक्तराला गावलंय?"

ऋतुजा हसली. मनापासून, हलकं होऊन हसली. "खरंच की," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. दिगंबरने पुन्हा कानस उचलली. अण्णाप्पाने आपल्याला वाचवलं की बुडवलं, हे त्याला त्या दिवशी ठरवता आलं नाही.

मार्गशीर्षात निनादची पाळी आली. तेव्हा तो दोन वर्षं दहा महिन्यांचा होता. आत नेण्याआधी दिगंबरने डॉक्टरांना दारातच गाठलं.

"पोराला त्रास न्हाई ना व्हायचा?"

डॉक्टर बेलसरेंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "आजवर एवढ्या खात्रीने मी कुणालाच 'नाही' म्हटलं नव्हतं, दिगंबरराव. ही खात्री तुम्ही दिलीत."

दार मिटलं. तो बाहेरच्या भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, मामा देवाचं नाव घेतोय.

निनादचे डोळे अठराव्या दिवशी थांबले. पाळणाघराच्या पाटीने त्याला ओळखलं. ऋतुजाने त्याचं चित्र पाठवलं: सरळ मान, सरळ नजर, हातात लाल चेंडू. अण्णाप्पाने ते चित्र कारखान्यात खिडकीशेजारी लावलं. एक-दोन महिने तिचे फोन आनंदाचे येत. पुढे त्यात बारीकसारीक कुरकुर मिसळू लागली. हल्ली जेवताना डोळे मिटून घेतो, लाडात आलाय. चालताना धडपडतो, पायाचे डॉक्टर म्हणतात पाय उत्तम आहेत. पाळणाघरात कोपऱ्यात जाऊन भिंतीशी डोकं लावून बसतो. बाई म्हणतात, हट्टी आहे.

"पेटी मात्र सोडत नाही," ती एकदा म्हणाली. "तू दिलेली छोटी पेटी. भात्यावर कपाळ टेकून, डोळे मिटून एकच पट्टी धरून बसतो तासन्‌तास. तुझ्यावर गेलाय."

दिगंबरने फोन ठेवला. त्याच्या हातातली पत्ती बोटाने दाबलेली होती. दाबलेल्या पत्तीतून आवाज निघत नाही.

वैशाखात ती निनादला घेऊन आली. बरोबर एक बातमीही आणली. मामाच्या गावी, शिरोळला, त्याच चुकीच्या अक्षराची दोन मुलं सापडली होती. दिगंबरच्या साक्षीवर त्यांनाही पूर्ण मात्रा मंजूर झाली होती. सोमवारी सुई होती. "तुझ्यामुळे, दादा," ती म्हणाली. "मामींनी तुझ्यासाठी मिठाई दिलीय."

दुपारची वेळ होती. ती बाकावर पिशवी सोडत होती, अण्णाप्पा दाराशी लाकूड रंधत होता. निनाद आत आला, चार पावलं टाकली, थबकला, आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. आता त्याला बोलता येत होतं, पण मोजकंच. त्याने मामाकडे तोंड केलं. डोळे काळेभोर आणि अगदी स्थिर होते.

"मामा," तो म्हणाला, "भिंतीला थांब म्हण ना."

ऋतुजा हसली. "हे याचं नवीन खूळ. सगळ्यांना थांब म्हणायला लावतो. भिंतीला, ताटाला, मला पण! मी समोर बसलेली असते तरी म्हणतो, आई, थांब ना."

बोलता बोलता तिची नजर भावाकडे गेली आणि तिचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. दिगंबर बाकाच्या पायाशी बसला होता. मान डावीकडे, हनुवटी खाली. पूर्वीही तो असाच बसे. पण आता तिने त्याच्याकडे गणितातल्या विसंगतीकडे बघावं तसं पाहिलं. थांबलेले डोळे. तिरपी मान. भिंतीला टेकलेलं पोर.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली. "तुला भिंत कशी दिसते?"

दाराशी रंधा थांबला.

"हलती," दिगंबर म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासनं. दाढी करत होतो त्या दिवसापासनं."

"बारा गुरुवार?"

"बारा."

तिने त्याला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, खिडकीशी गेली आणि तिथूनच पुण्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला. एखाद्या गणिताची रीत सांगावी तशा सपाट सुरात तिने डॉक्टरांना चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"सोमवारची मुलं मी थांबवते," डॉक्टर बेलसरे म्हणाल्या. "आत्ता लगेच."

"आणि हा?"

"ऋतुजाताई, सोडलेलं परत घेता येत नाही. हे मी तेव्हाच सांगितलं होतं."

"सवय जाईल ना पण? लहान मेंदू लवचीक असतो म्हणालात तुम्ही."

"लवचीक असतो, पण त्याला वाकायला वेळ द्यावा लागतो. डोळे हळूहळू थांबले तर मेंदू हळूहळू वजाबाकी सोडतो. एकदम थांबले तर आपली चूक कळायला त्याच्यापाशी काही खूणच उरत नाही. दिगंबररावांना त्रास होतोय असं कळलं असतं, तर आम्ही अर्धी मात्रा दिली असती. नवी परवानगी, नवी तयारी. वर्षभर उशीर झाला असता. एवढंच."

दिगंबर उभा राहिला. "तुम्ही म्हणाला होतात, थांबू."

"थांबू, वाट बदलू, असं म्हणाले होते. मी दर गुरुवारी विचारत होते, दिगंबरराव." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मीही फक्त रेघेकडे बघत राहिले. तुमच्या मानेकडे बघितलं नाही."

फोन बंद झाला. अण्णाप्पाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, घरात मयत असल्यासारखी. "माझीच जीभ," तो पुटपुटला. "ताई, त्या दिवशी माझीच जीभ वळवळली." खिडकीशेजारी सरळ मानेचं, लाल चेंडूचं चित्र लावलेलं होतं. ऋतुजा त्याच्याकडे पाठ करून उभी होती.

"दादा, तू माझ्या पोराचं चांगलं करायला गेलास, हे मला कळतंय," ती म्हणाली. "ते कळतंय म्हणूनच मला तुझ्याकडे बघवत नाही."

निनादला यातलं काहीच कळलं नव्हतं. भिंत अजून थांबली नव्हती. त्याने पुन्हा विचारलं, या वेळी जरा रडवेल्या आवाजात, "मामा, म्हण ना."

दिगंबर त्याच्यापुढे जमिनीवर बसला. पोराचा चेहरा त्याच्यासमोर सरकत होता आणि माघारी येत होता, आणि पोराला त्याचा चेहरा तसाच दिसत असणार; ते कसं असतं, हे जगात फक्त या दोघांना माहीत होतं. त्याने दोन बोटं त्याच्या हनुवटीखाली धरली. ज्या वळणासाठी त्याने मास्तरांचा मार खाल्ला होता, ज्या वळणातून या पोराला सोडवायला तो निघाला होता, त्याच वळणाकडे त्याने ती कोवळी मान सावकाश नेली. डावीकडे. आणि चिमूटभर खाली.

"असं धर," तो म्हणाला. "आता बघ भिंतीकडं."

पोराने बघितलं. बराच वेळ, अगदी मन लावून.

"थांबली?"

"नाही," निनाद म्हणाला. "हळू झाली."

"हां," दिगंबर म्हणाला. "तेवढीच व्हते."

त्याने बोटं काढून घेतली. मान तिथेच राहिली.